बोर्ड जागा होईपर्यंत

मी मुळातच भित्री. कपिलधारला शाळेची सहल गेली की बाकीच्या पोरी धबधब्याखाली भिजायच्या आणि मी काठावर बसून सगळ्यांच्या चपला राखायचे. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण आईनं खास माझ्यासाठीच पाठ करून ठेवली असावी, इतक्या वेळा ती मी ऐकलेली आहे. पुढं पोटापाण्याला जे काम मिळालं, त्यात मात्र हा दुर्गुण उपयोगी पडला.

मी कर्नलमध्ये काम करते. कॉम्प्युटरच्या अगदी तळाशी जो प्रोग्रॅम सतत चालू असतो, तो कर्नल. यंत्राला जे जे काही जोडलेलं असतं, सेन्सर म्हणा, पंखा म्हणा, त्या प्रत्येकाशी बोलायला कर्नलमध्ये वेगळा ड्रायव्हर असतो, आणि असे ड्रायव्हर लिहिणं, दुरुस्त करणं हा माझा धंदा. उपकरणाला नुकतीच वीज मिळाली किंवा ते अडकलं, की ड्रायव्हर त्याला रीसेट करतो. म्हणजे सगळं विसर आणि पहिल्यापासून सुरू हो, असं सांगतो. मग तो थांबतो. किती थांबायचं, ते चिप बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते पापणी लवते त्याहूनही कमी असतं. तेवढं थांबून ड्रायव्हर विचारतो, झालास का जागा? उत्तर आलं तर ठीक. नाही आलं, तर 'उपकरण सापडलं नाही' अशी ओळ लिहून तो मोकळा होतो आणि पुन्हा तिकडं ढुंकूनही बघत नाही.

दुपारच्या गाढ झोपेतून माणसाला गदागदा हलवून उठवावं, लगेच नाव विचारावं आणि तो डोळे चोळतोय तोवर मेला म्हणून जाहीर करावं, तसलाच हा प्रकार. थांबण्याचा असा आकडा कोडमध्ये दिसला की मी तिथंच अडून बसायचे. कुणाच्या थंडगार खोलीत मोजलाय हा? पुण्याच्या ऑफिसातले लोक हसायचे. म्हणायचे, हिला दोन ओळींच्या मधेसुद्धा साप दिसतो.

त्या उन्हाळ्यात मी गावी होते, उमापूरच्या पलीकडं. लॅपटॉप घेऊन काम घरूनच चालू होतं. पावसानं पाठ फिरवलेली होती. ऊसतोडीहून परतलेली माणसं पारावर बसून पाण्याच्या टँकरची वाट बघायची, आणि गोठे रिकामे होते, कारण सगळी जनावरं चारा छावणीत. शेतात काही नव्हतंच. गावात जे काही हलत होतं ते दूध. छावणीतल्या चाऱ्यावर म्हशी दूध देत होत्या, ते दूध बायका सकाळ-संध्याकाळ कॅनमधून आमच्या महिला दूध संस्थेच्या केंद्रावर आणत होत्या, आणि तालुक्याच्या संघाचा टँकर येऊन ते घेऊन जात होता. या संस्थेची चेअरमन माझी आई. चेअरमन म्हणजे गाडी, खुर्ची आणि पांढरे कपडे अशी कल्पना असेल तर ती सोडून द्या. आई केंद्राची फरशी स्वतः धुवायची.

शेजारच्या घरात माझी चुलती राहायची. चुलता वारल्यापासून तिनं ऊसतोडीचा कोयता सोडला होता. एकटी बाई, जमीन नाही, विहीर नाही. एक म्हैस होती, आणि तिच्यावर तिचं सगळं चाललं होतं. म्हैस छावणीत म्हणून काकूही दिवसातला निम्मा वेळ छावणीतच. म्हशीच्या अंगावरून ओला हात फिरवत बसायची. पाणी प्यायला मोजून मिळत होतं, त्यातलं ओंजळभर ती म्हशीच्या कपाळावर घालायची. मी तिला चिडवायचे, "काकू, माझ्या डोक्यावर कधी घातलंस का पाणी?" ती म्हणायची, "तू दूध देतीस का?"

आता खरी गोष्ट. केंद्रावर दूध गार ठेवायचा मोठा स्टीलचा कूलर होता. त्याला संघानं नवी पेटी बसवून दिली होती. पेटीत छोटासा कॉम्प्युटर, आणि त्याच्या खाली एक बोर्ड. दुधाचं तापमान मोजणं आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करणं हे त्या बोर्डाचं काम. कॉम्प्युटरला बॅटरी होती, बोर्डाला मात्र लाईटच लागायची. उन्हाळ्यात लाईट जाऊ-येऊ लागली आणि पेटीनं नखरे सुरू केले. लाईट यायची, पण पडद्यावर 'सेन्सर सापडत नाही' असं यायचं आणि कॉम्प्रेसर ढिम्म. तसं होऊन दोनदा दूध नासलं. दुसऱ्यांदा संघाचा साहेब आला आणि आईला सगळ्या बायकांसमोर सांगून गेला, की तिसऱ्यांदा नासकं दूध निघालं तर इथलं संकलन बंद.

संकलन बंद म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या म्हशीचं दूध कुणी घेत नाही ती दुष्काळात कोण सांभाळणार? जनावरांचे व्यापारी छावणीच्या कडेला टेम्पो लावून बसलेलेच असायचे. ते काही मागायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. नुसते चहा पीत बसायचे. मला त्यांच्या त्या निवांत बसण्याचीच जास्त भीती वाटायची.

बीडहून मेकॅनिक येऊन सेन्सर बदलून गेला. उपयोग शून्य. संस्थेचे सचिव म्हणजे आमच्या नात्यातले मामा; आईसकट सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांचा उपाय एकच, मेन स्विच खटकन बंद, खटकन चालू. नाही झालं की पुन्हा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! दहा वेळा खटखट केल्यावर कधीतरी कॉम्प्रेसर सुरू व्हायचा आणि मामा विजयी मुद्रेनं मिशीवरून हात फिरवायचे.

मी पेटीला लॅपटॉप जोडला आणि आतल्या नोंदी वाचल्या. ज्याला मी ऑफिसात बसून घाबरत होते, तेच इथं घडत होतं. ड्रायव्हर बोर्डाला रीसेट करत होता, पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच थांबत होता, एकदाच विचारत होता आणि सोडून देत होता. पण बोर्ड जागा का होत नव्हता? तोच बोर्ड काढून घरी टेबलावर, गावातल्या लाईटवर जोडला, तर पटकन उठायचा.

ते मला पेटीत नाही, दारात उभं राहिल्यावर कळलं. लाईट आली आणि केंद्रातला बल्ब निखाऱ्यासारखा लालसर पेटला. पंखा फिरेना. त्याच क्षणी शिवारातून घूंऽऽ असा आवाज आला. आमचं केंद्र गावकुसाबाहेर, शेतातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आणि त्या डीपीवरच्या प्रत्येक विहिरीच्या, बोअरच्या मोटरला लोकांनी ऑटो बसवलेला. ऑटो म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच. एरवी लोक तो रात्रीची झोपमोड टाळायला बसवतात. दुष्काळात त्याचा अर्थ वेगळा होता. जमिनीखाली जे हंडाभर पाणी झिरपून साचलंय, ते शेजाऱ्यानं ओढायच्या आत आपण ओढायचं. एकाचा ऑटो बंद राहिला, तर त्याच्या वाटचं पाणी बांधापलीकडं गेलंच. त्यामुळं लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम डीपीवर तुटून पडायच्या आणि व्होल्टेज जमिनीला टेकायचं. तसल्या मरतुकड्या विजेवर बिचारा बोर्ड डोळे उघडायला धडपडायचा, आणि तोवर ड्रायव्हर त्याला सोडून गेलेला असायचा. मामांच्या खटखटीनं तर आणखीच वाट लागत होती. प्रत्येक वेळी बोर्डाचं उठणं पहिल्यापासून, आणि कॉम्प्रेसरला बंद पडल्यावर जी सक्तीची विश्रांती लागते तीही पहिल्यापासून.

पेटी पुरवणाऱ्यांकडून मी ड्रायव्हरचा कोड मागून घेतला आणि बदलला. एकदा विचारून सोडायचं नाही. थोडं थांबून विचारायचं, मग आणखी थोडं थांबून विचारायचं, बोर्ड स्वतः 'तयार आहे' म्हणेपर्यंत विचारत राहायचं. किती वेळ? इथं माझा हात अडला. कायमचं थांबणारा ड्रायव्हर म्हणजे बंद पडलेला ड्रायव्हर, आणि लवकर हात झटकणारा कसा असतो ते मी बघतच होते. मी भरपूर मोठी मर्यादा घातली, इतकी मोठी की पुण्यात कुणी बघितली असती तर मला वेड्यात काढलं असतं. पुढं कुणीतरी विचारलंच. तो बदल कर्नलच्या मुख्य कोडमध्ये घ्यावा म्हणून मी पाठवला तेव्हा तिथल्या तपासणाऱ्यानं विचारलं, एवढा वेळ कोणतं उपकरण घेतं? मी लिहिलं, कमी व्होल्टेजवर असलेलं. त्याला ते पुरेसं वाटलं.

नवा ड्रायव्हर मी सकाळी पेटीत घातला. तोपर्यंत लाईट गेलेली होती, त्यामुळं तो चालतो की नाही हे बघायला मिळालंच नाही. आणि नेमका त्याच दिवशी संघाचा टँकर वाटेत टायर फुटून अडकला. टाकीत आदल्या संध्याकाळचं दूध होतं, त्यात सकाळचं पडलं. कूलर काठोकाठ भरलेला. जनरेटर छावणीवर होता. जनावरांना प्यायला पाणी चढवायचं होतं म्हणून आईनंच तो पाठवला होता. ऊन चढलं. मामांनी थर्मामीटरची कांडी दुधात बुडवून बघितली आणि कुणाला न दाखवता पुसून ठेवली.

दुपार कलता कलता लाईट आली. बल्ब लाल झाला, शिवारातून घूंऽऽ आवाज आला. पडद्यावर आता 'सापडत नाही' नव्हतं. 'वाट पाहत आहे' अशी ओळ होती. ती मीच लिहिलेली ओळ, पण तिथं उभं राहून मी ती पुन्हा पुन्हा वाचली.

बातमी लागली तशा बायका गोळा झाल्या. काकूही छावणीवरून आली, पदरानं मान पुसत. मामा स्विचकडं निघाले.

"मामा, हात लावू नका," मी म्हणाले.

"मंग काय नुसतं बघत बसायचं? दूध तापायलंय!"

"बंद केलं की त्याचं उठणं पुन्हा पहिल्यापासून. तो उठतोय, उठू द्या."

"उठतोय म्हनं! झोपलाय का त्यो? अगं, मी रोज करतो की खटखट. होतंय चालू."

आणि हे खरंच होतं. त्यांच्या खटखटीनं कधीकधी होत होतं. माझं अजून एकदाही झालेलं नव्हतं. मामा म्हणाले, डायरेक्ट जोडू का कॉम्प्रेसर? मी बल्बकडं बोट दाखवलं. असल्या विजेवर कॉम्प्रेसर जळून गेला असता. ते त्यांनाही पटलं, पण हात स्विचवरून निघेना.

आई तेव्हा आली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "तुला खात्री हाय का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही," मी म्हणाले.

आईनं मामांचा हात धरून खाली घेतला आणि स्वतः स्विचबोर्डाला पाठ लावून उभी राहिली. "कावून उठंना त्यो? त्येला काय पायजे?"

"वीज. पूर्ण दाबाची. सगळ्या मोटारी चालू आहेत म्हणून मिळत नाही."

आई बायकांकडं वळली. "ऐकलं का? जावा, ऑटो बंद करून या."

कुणी हललं नाही. एकीनं दुसरीकडं बघितलं, दुसरीनं जमिनीकडं. मला त्यांचा राग आला नाही. पहिली जी जाईल, तिच्या विहिरीतलं ओंजळभर पाणी शेजारणीच्या पाईपात जाणार होतं. दूध उद्या पुन्हा निघेल, पाणी निघेल याची हमी कोण देणार? एक जण म्हणाली, "चेअरमनबाई, सगळ्या करतील तर मी करीन." तेच सगळ्यांच्या तोंडावर होतं.

"मामा, हितं उभं ऱ्हावा. स्विचला कुनी हात लावला तर तुमची माझी गाठ हाय," असं म्हणून आई बाहेर पडली. आमच्या विहिरीकडं निघाली होती ती. तिथं चार मोसंबीची झाडं तिनं धुण्या-भांड्याच्या पाण्यावर जगवलेली होती, आणि विहिरीत येणारं पाणी तेवढ्यांनाच कसंबसं पुरत होतं. उन्हात बांधावरून तिची आकृती लहान लहान होत गेली. थोड्या वेळानं मागून एक बाई उठली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गेली. मग आणखी एक.

मी पडद्यासमोरून हलले नाही. 'वाट पाहत आहे.' मला खात्री वाटायला लागली की बोर्ड मेलेला आहे, की मी मेलेल्या बोर्डाला हाका मारतेय, आणि गावाचं दूध मी माझ्या शहाणपणानं नासवतेय. मामांनी केली असती खटखट तर एव्हाना झालंही असतं. स्वतःच उठून स्विच बंद करावा, असं मला किती वेळा वाटलं सांगू! आपण लिहिलेल्या थांबण्यावर आपणच थांबून दाखवणं किती अवघड असतं, ते मला तोवर माहीत नव्हतं.

काकू माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. तिला बंद करायला मोटर नव्हती, काहीच करायला नव्हतं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चालू व्हईल का गं?"

"माहीत नाही, काकू."

"तुला बी माहीत न्हाई?"

"नाही."

तिनं माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि पदर डोक्यावर घेऊन छावणीच्या वाटेला लागली. म्हशीला पाणी दाखवायची वेळ झाली असेल, असं मला वाटलं. खरं तर मी फारसं लक्षच दिलं नाही. माझे डोळे पडद्याला चिकटलेले होते.

शिवारातला आवाज एकेक धागा काढल्यासारखा पातळ होत गेला. बल्बचा लाल रंग पिवळा झाला. पंख्यानं एक आळसट चक्कर मारली. मामा म्हणाले, "आरं, आरं," आणि त्याच वेळी पडद्यावरची ओळ पुसली गेली. तिथं आकडा आला. दुधाचं तापमान. भीती वाटावी असाच तो आकडा होता, पण तो बोर्डानं दिलेला होता. बोर्ड जागा झाला होता. कॉम्प्रेसर लगेच लागला नाही, बोर्ड उठला की त्याची सक्तीची विश्रांती पहिल्यापासून मोजतो, आणि ते कळत असूनही मी रडायला लागले. मग भिंत हलली, खाली कुठंतरी धडधड सुरू झाली. बायका ओरडल्या. मामांनी मिशीवरून हात फिरवला. फिरवू दे, त्या दिवशी स्विचला हात न लावता उभं राहायला त्यांनाही कष्ट पडले होते.

आई परत आली ती घामानं निथळत. आवाज ऐकून दारातच खाली बसली. "लागलं?" एवढंच म्हणाली.

ऊन उतरल्यावर टँकर आला. तरी भीती संपलेली नव्हती. टँकरवाल्यानं टाकीतलं दूध काचेच्या नळीत घेतलं आणि आचेवर धरलं. दूध फाटलं तर गुठळ्या दिसतात, मग पुढं बोलायचं काही कारणच उरत नाही. सगळ्या बायका त्या बोटभर दुधाकडं बघत होत्या. दूध वर आलं, फेसाळलं आणि पांढरं एकसारखं राहिलं. त्यानं नळी उजेडात फिरवून बघितली, रिकामी केली आणि टँकरचा पाईप ओढून कूलरला लावला. आई हसायला लागली. तिला तसं हसताना मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

तेवढ्यात छावणीच्या वाटेनं काकू येताना दिसली.

"काकू, चालू झालं!" मी धावत गेले. "दूध पास झालं, काकू!"

ती थांबली. तिच्या खांद्यावर म्हशीचं दावं होतं. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते घरी परत आणतात.

"कवा चालू झालं?" तिनं विचारलं.

"तू गेल्यावर. थोड्याच वेळात."

आई माझ्या मागून आली होती. तिनं दावं बघितलं. तिचं हसू गेलं. "कुनाला दिली? टेम्पो कंच्या रस्त्यानं गेला? चल, माघारी आनू."

"लई लांब गेला असंल आता. त्यो म्हनला, उद्या संस्था बंद पडल्यावर सगळ्याच बाया येतील, मंग तुमची कोन इचारतंय." काकू माझ्याकडं बघत होती, रागानं नाही. "हिलाच माहीत न्हाई म्हनल्यावर मला वाटलं, झालं. माझ्याच हातानं चढवली मी. चढत नव्हती."

काकू आमच्या मधून पुढं केंद्रात गेली. कूलरच्या पत्र्यावर तिनं तळहात टेकवला, आणि गार लागला तसा काढून घेतला.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमच्या तरी ऱ्हातील."